७ एचपीचा पॉवर वीडर, कपाशीत चालवून बघितलेला

आमची कपाशी चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या काळ्या जमिनीत. चार बाय दीड फुटांवर लागवड, सगळी ठिबकवर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, सोडून गेला, नवा मिळेना. बैलजोडी आधीच विकलेली. मग पेट्रोलवरचा ७ एचपीचा पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी तण काढणारं यंत्र, घेतला. शेत मीच बघते आणि यंत्रही मीच चालवते.

वाफसा असेल, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी असेल, तर काम चोख. कोवळा केना, गाजरगवत मुळासकट उलटतं, माती भुसभुशीत होते. पेट्रोल तासाला साधारण लिटरभर. पण काळी जमीन ओली असताना शेतात घालूच नका. पात्यांना चिखल चिकटून नुसता गोळा फिरत राहतो. आणि हे फक्त दोन ओळींमधलं झालं. बुंध्याजवळचं गवत तसंच उभं असतं. बैलांच्या कोळप्याने पूर्वी उभी-आडवी पाळी मारायचो, ते ठिबक आल्यापासूनच बंद. त्यामुळे निंदणीच्या बाया लागतातच, फक्त कमी लागतात.

दुकानदार पात्यांच्या ९० सेंमी रुंदीचं कौतुक करतो. आमच्या दोन ओळींत चार फूट, म्हणजे साधारण १२० सेंमी, दोन्ही अंगांना वीतभरसुद्धा जागा उरत नाही. फांद्या फुटू लागल्या की बाहेरची पाती काढून रुंदी कमी करायची. पाती किती खोल जातील ते ठरवणारा मागचा दांडा मी दोन इंचांवरच ठेवते. त्याहून खोल गेलं तर कपाशीची वरची बारीक मुळं तुटतात आणि झाड दुपारी मान टाकतं. पाळीआधी ठिबकची नळी झाडांकडे सरकवून घ्या. पात्यात अडकली की जॉइनर लावत बसायचं.

हराळीपुढे मात्र यंत्राने हात टेकले. शाफ्टला ती वेणीसारखी गुंडाळते. इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, विळ्याने कापत बसावं लागतं. वर तिच्या प्रत्येक तुकड्याला नवा फुटवा येतो. लव्हाळ्याचंही तेच, वरून कापलं तरी गाठी खाली जिवंत. असं रान असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या (जमिनीतली मुळं-खोडं) वेचून काढा, वीडरच्या भरवशावर राहू नका.

बायांसाठी थोडं वेगळं. दोरी ओढून चालू करताना खांदा भरून येतो, तासाभरात हातांना झिणझिण्या. बांधावर वळवताना जोर लागतो. रिव्हर्स टाकला की फिरती पाती आपल्याच पायांकडे येतात, म्हणून क्लच सोडल्यावर पाती लगेच थांबतात का ते दुकानातच बघा. साडी अजिबात नको. मी सलवार आणि बूट घालते.

डेमो मला पडीक, कोरड्या जागेत दाखवला, तिथे कुठलंही यंत्र पळतं. तुम्ही उभ्या पिकात मागा. पात्यांचा संच तालुक्याला मिळतो का, हेही आधीच विचारा. ऐन पावसाळ्यात आमचा दुकानदार ‘उद्या येईल’ म्हणत राहिला.

बांधावरून जाणारे विचारतात, “कसं चालस ताई?” चालतो, पण साडेतीन फुटांच्या आत लागवड असेल तर घेऊ नका. आणि अनुदान हवं असेल तर आधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज करा. पूर्वसंमती हातात पडेपर्यंत बिल करायचं नाही, दुकानदार कितीही घाई करो.