लोणच्याची बरणी आणि माझा गिअरबॉक्स

बरणी साधीच होती. पाच किलो लोणचं मावेल अशी, हिरव्या झाकणाची, एका बाजूला अर्धवट खरवडलेलं लेबल. आमच्या घरी तशाच दोन आहेत, म्हणून नजरेत राहिली. आत डांबरासारखं काळं तेल आणि तळाशी चमकी. गॅरेजवाल्यानं ती ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवली आणि म्हणाला, "देखो काकाजी, ये निकला आपकी गाडी से. सही टाइम पे आ गए."

मला खरंच बरं वाटलं, वेळेवर आलो म्हणून. आणि मी वीस हजार मोजले.

माझा धंदा संत्र्याचा. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या बागा फिरायच्या, आंबिया आणि मृग दोन्ही बहारांचे सौदे करायचे, नागपुरात कळमन्याच्या बाजारात परत यायचं. सीताबर्डीच्या गर्दीत क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा २०१७ मध्ये ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा घेतली. ऑटोमॅटिकचं तेल कधी बदलावंच लागत नाही, असं तेव्हा कानावर आलं होतं आणि मी ते खरं मानून बसलो होतो. ८० हजार किलोमीटरवर वाडीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं विचारलं, "बापू, गिअरबॉक्सचं तेल काहून बदलून नाही राहिला तू? इंजिनचं दर सालाले बदलतं, याले काय अमृत भरलं हाय?"

त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. ८० हजारांवर त्यांनी तेल बदललं, मग १ लाख ६० हजारांवर. काका सांगायचे, या डब्यात तेल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबानं गिअर पडतात, इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून तेच पुढं नेतं, क्लचच्या प्लेटांची उष्णताही तेच वाहून नेतं. तेल म्हातारं झालं की तिन्ही कामं बिघडतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, त्यामुळं तेल लवकर थकतं. म्हणून हे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत अडकलेला पाला आणि माती ते पाण्याचा हलका फवारा मारून काढत. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मागचा गिअर टाकायचा नाही, चढावर आधी हँडब्रेक आणि मग पी म्हणजे पार्किंग, हेही त्यांचंच. गाडी लोण्यासारखी चालायची. पाच लाख किलोमीटर करायचे, असं मी चारचौघांत बोलून दाखवायला लागलो होतो. पुढं तोच हट्ट विकून लोकांनी माझ्याकडून पैसे काढले.

काकांनी शेड भाच्याला दिली आणि ते उमरेडकडं गावी राहायला गेले. गेल्या वर्षी एप्रिलात गाडी २ लाख ३१ हजारांवर आली. त्यांना फोन करायचा आळस केला. मोबाइलवर एक रील आली: रिंग रोडवरचं ऑटोमॅटिकचं 'स्पेशालिस्ट' गॅरेज, मशीनला दोन काचेच्या नळ्या, एकीतून काळं तेल बाहेर, दुसरीतून लालभडक आत. गेलो.

एसी केबिन, कॉफी, टीव्हीवर आयपीएल. "अंदर कस्टमर अलाउड नहीं, इन्शुरन्स का रूल है." असा कुठलाही नियम नसतो, हे कळायला मला दोन महिने लागले. तासाभरानं बरणी आली. हिशोब असा: १४ लिटर तेल, वर आतून धुवायचं 'फ्लश केमिकल', वर मजुरी, एकूण बावीस हजार. पक्कं बिल नको असेल तर वीस. मी वीस म्हणालो. पैसे यूपीआयनं गेले, कुणा एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. हातात कच्ची पावती आली, तीही नुसती "सर्व्हिस" एवढंच लिहिलेली.

त्या दिवशी डोकं चालवलं असतं तर एवढंच आठवायचं होतं की शेवटचं तेल मी स्वतः १ लाख ६० हजारांवर बघितलं होतं, तपकिरी-लाल, थोडं गडद. सत्तर हजार किलोमीटरनं तेल काळसर होईल, पण जळक्या गुळाचा वास मारणारं डांबर होणार नाही, आणि तेही गाडी मुकाट्यानं चालत असताना. चमकीचंही तसंच. पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं तबक, त्यातल्या लोहचुंबकावर करडा, मेणासारखा मऊ लेप बसतोच, सगळ्याच गाड्यांत. घाबरायचं ते टोचणारे तुकडे दिसले तर. हे मला ठाऊक होतं, काकांनी चुंबक बोटानं पुसून दाखवला होता. पण समोर बरणी धरली की माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

हजारेक किलोमीटरनंतर सकाळी गाडी मागं घेऊन पुढं जायचा डी टाकला की दोन सेकंद काहीच होईना, मग धक्का. मे लागला तसा अमरावती रोडवर साठ-सत्तरच्या वेगाला थरथर सुरू झाली, चाकाखाली खडबडीत पट्टे आल्यासारखी. पॅडल थोडं दाबलं की थांबायची, सोडलं की पुन्हा.

परत गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, पी ०७४१ असा बिघाडाचा कोड दाखवला आणि मालकानं मान हलवली. "काकाजी, गिअरबॉक्स गया. व्हॉल्व्ह बॉडी, क्लच प्लेट, सब जल गया. दो लाख तीस हजार चल गई, और कितना चलेगी?" नवीन सामानासह १ लाख ८५ हजार, जुन्यातून बनवून १ लाख २० हजार. महिन्यापूर्वी याच माणसानं पाच लाख किलोमीटरची हमी दिली होती. मी विचारलं, तर म्हणाला, फ्लशमुळं आतला जुना बिघाड "उघडा पडला". हे वाक्य लक्षात ठेवा, दोन-तीन लोकांकडून नंतर जसंच्या तसं ऐकलंय. चाळीस हजार ॲडव्हान्स दिला. पुन्हा यूपीआय, पुन्हा तेच खातं.

गाडी सहा दिवस तिथं. सहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर जळक्या प्लेटांचे फोटो आले आणि उरलेल्या पैशांची घाई. बायको म्हणाली, एकदा काकांना विचारून तरी पाहा. लाज वाटत होती, तरी फोन केला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोड म्हणते लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरला जाम धरणारा क्लच, घसरून राहिला. काहून घसरते ते कोड नाही सांगत. तेल चुकीचं असलं तरी तेच, तेल कमी असलं तरी तेच. अन् पॅन खोलल्याबिगर प्लेटा बाहेर येत नाही, बापू. जा, गाडीखाली पाह्य. पॅनच्या बोल्टावर पान्याचं ताजं निशाण हाय का?"

दुपारी जेवायच्या वेळेला गेलो, मालक नव्हता. पोऱ्याला शंभर रुपये दिले आणि मोबाइलची बॅटरी लावून पिटमध्ये उतरलो. मधला ड्रेन बोल्ट चकचकीत होता. पॅनच्या कडेनं असलेल्या बाकी सगळ्या बोल्टांवर वरुडकडची काळी माती वाळून बसलेली, बोल्टाच्या आणि पत्र्याच्या सांध्यातसुद्धा अखंड. नखानं खरवडली तर खपली निघाली. तो डबा कोणी उघडलाच नव्हता. माझ्या गाडीच्या म्हणून पाठवलेल्या प्लेटा कुठल्या गाडीच्या, ते देवालाच ठाऊक.

फोटो काढले, चावी मागितली. मालक आल्यावर तासभर वाद झाला, शेवटी मोठा भाऊ आणि शेजारचे दोघं आले तेव्हा गाडी बाहेर पडली. पैसे नाही. "ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल है."

काका उमरेडहून आले, भाच्याच्या शेडमध्ये. पहाटे साडेपाचला बोलावलं. या गिअरबॉक्सला तेल पाहायची दांडी नसते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, तेलाचं तापमान स्कॅनरवर चाळिशीच्या आसपास आलं की तपासणीचा बोल्ट काढायचा. तेव्हा बारीक धार येऊन थेंबांवर आली तर पातळी बरोबर. मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीतलंच तेल पंचेचाळीसला असतं. मोजायचं कधी? म्हणून पहाट.

बोल्ट काढला, एक थेंब आला नाही. वरून जवळजवळ दोन लिटर भरल्यावर थेंब लागला. भरायच्या आधी नमुन्याला थोडं खाली काढलं होतं, ते पातळ, नारिंगीसर. काकांनी दोन बोटांत घासलं, वास घेतला. "हे पॉवर स्टिअरिंगचं असंल नाही तर कायचं तरी. आपलं नव्हे." या गाडीला डब्ल्यूएस नावाचं तेल लागतं. दुसऱ्या तेलात घर्षणाचा मेळ बसत नाही, आणि लॉकअपचा क्लच धरता-सोडता थरथरतो. म्हणजे थरथर त्यांनीच घातली आणि तिच्याच दुरुस्तीचे सव्वा लाख मागितले. मशीनवर तेल बदलणं काही वाईट नाही, काका म्हणाले, नीट केलं तर चांगलंच. पण १४ लिटर कुठं गेलं?

एका वेळी खालून साधारण चाळीस टक्केच तेल निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, नळ्यांत राहतं. म्हणून पाचपाचशे किलोमीटरच्या अंतरानं तीनदा बदललं, म्हणजे पाऊण भागाहून जास्त नवीन झालं. सीलबंद डबे मी स्वतः आणले, फोडतानाही तिथं उभा राहिलो. पॅन एकदा खोलला, फिल्टर बदलला. चुंबकावर तोच करडा लेप, तुकडा एकही नाही. एकवीस हजार खर्च, पक्क्या बिलासह. आज गाडी २ लाख ५८ हजारांवर आहे. चढावर पन्नास-पंचावन्नला कधीतरी हलकी थरथर जाणवते. ती त्या महिन्याभराची निशाणी. काका म्हणतात राहू दे.

जूनमध्ये माझा भाचा मुद्दाम त्याच गॅरेजमध्ये गेला. त्याची गाडी सीव्हीटी जातीची ऑटोमॅटिक, जेमतेम तीस हजार चाललेली. तिच्यात गिअरऐवजी पट्टा आणि पुली, तेलही वेगळ्याच जातीचं. तासाभरानं त्याच्यासमोरही बरणी आली. हिरवं झाकण, अर्धवट खरवडलेलं लेबल, तळाशी चमकी. "सही टाइम पे आ गए." त्यानं हसत हसत बरणीसोबत सेल्फी घेतला, आणि काम नको म्हणून निघून आला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकिलानं पहिलं विचारलं, बिल कुठं? दुसरं, गाडी धंद्यासाठी वापरता का? धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक धरत नाहीत, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे, ते पटवून द्यावं लागेल म्हणे. बिलाच्या जागी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे फोटो, मातीच्या बोल्टांचे फोटो आणि भाच्याचा सेल्फी लावलाय. दोन हजार वाचवायला बिल सोडलं नसतं तर एवढे कागद जमवावे लागले नसते.

गॅरेजचं लेखी उत्तर आलंय. गाडी आमच्याकडं कधी आलीच नव्हती, असं त्यात लिहिलंय. मग खात्यात आलेले साठ हजार कशाचे? तर म्हणे, काकाजींनी हातउसने दिले होते.