डिक्टेशन टाइप करायला फूट पेडल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात मी मराठी टायपिंग करते. संध्याकाळी अशील गेले की साहेब दावे, कैफियती, खरेदीखतांचे मसुदे तोंडी सांगून ठेवतात आणि सकाळी मी ते ऐकून टाइप करते. इतकी वर्षं हे काम टेबलावरच्या मायक्रोकॅसेट मशीनवर झालं. गेल्या वर्षी त्याचा रबरी बेल्ट सैल पडला, साहेबांचा आवाज ताणल्यासारखा येऊ लागला, दुरुस्त करणारा कुणी सापडेना. मग नवीन काय घ्यायचं, हे शोधायचं काम माझ्याकडेच आलं.

सगळे सांगत होते, चांगला रेकॉर्डर घ्या. सोनीचा आयसीडी-पीएक्स४७० घेतला. एमपी३ मध्ये रेकॉर्ड होतं, यूएसबी त्यातच असल्यामुळे थेट कॉम्प्युटरला लावता येतो, साध्या पेन्सिल सेलवर चालतो. साहेबांना तो दोन दिवसांत जमला. माझं काम मात्र अजिबात हलकं झालं नाही. एक ओळ ऐकायची, माउस धरायचा, थांबवायचं, टाइप करायचं, पुन्हा माउस. दुपारपर्यंत उजवं मनगट भरून यायचं. जुन्या मशीनला पायाखाली पेडल होतं, आणि खरं काम तेच करत होतं, हे ते गेल्यावर कळलं.

सुरुवातीला एक स्वस्त, एकाच बटणाचं पेडल मागवलं. त्यात फक्त चालू-बंद. मागे जायला पुन्हा हात कीबोर्डवरून उचलावाच लागे, शिवाय गुळगुळीत फरशीवर ते सरकत सरकत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. महिन्याभरात परत कपाटात गेलं. मग इन्फिनिटीचं तीन भागांचं यूएसबी पेडल घेतलं : मधला भाग दाबला की आवाज चालू, डावीकडे मागे, उजवीकडे पुढे. वजनदार आहे, जागचं हलत नाही. सोबत एक्सप्रेस स्क्राइब हे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्यासाठीचं सॉफ्टवेअर.

या जोडीतली सगळ्यात मोलाची गोष्ट एका छोट्या सेटिंगमध्ये आहे. पाय उचलला की आवाज थांबतो, आणि पुन्हा दाबला की दोन सेकंद मागून सुरू होतो. किती मागे जायचं ते आपण ठरवायचं. तुटलेला शब्द आपोआप जुळतो, हात इनस्क्रिप्टच्या (मराठी कीबोर्डच्या) कळांवरून उठतच नाहीत. पेडल नसेल त्यांना एफ-९ ने चालू आणि एफ-४ ने बंद करता येतं, पण वर्डमध्येही या कळांना स्वतःची कामं आहेत, तेव्हा सेटिंग बदलून घ्या.

वेग कमी करायची सोय मी आधी नुसती शोभेची समजत होते. मग खरेदीखताचा एक मसुदा आला. साहेब सांगताहेत, "गट नंबर दोनशे..." आणि पुढे पासष्ट की बासष्ट ते कळेना, कारण वर पंखा फिरत होता. वेग सत्तर टक्क्यांवर आणून तीनदा ऐकलं, तेव्हा 'पा' स्पष्ट आला. तरी सातबारा काढून ताडून पाहिलाच. गट नंबर चुकून दस्त नोंदला गेला तर पुढे चूक दुरुस्ती पत्र करायला दोन्ही पक्षांना पुन्हा दुय्यम निबंधकांकडे यावं लागतं. त्या दिवसापासून रेकॉर्डर घडी घातलेल्या नॅपकिनवर, साहेबांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवतो. टेबलाची धडधड आणि कागदांची खसखस निम्म्याने कमी झाली.

हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथचा वापरून पाहिला. पाय उचलल्यावरही अर्धा शब्द ऐकू येत राहतो आणि लय बिघडते.

आता, आवाजावरून आपोआप मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. तेही आम्ही दोन महिने वापरलं. साध्या पत्राला बरं आहे. पण 'पुरसिस', 'चतुःसीमा', 'वहिवाट' अशा कोर्टकचेरीतल्या शब्दांची वाट लागते, साहेब विचार करायला थांबले की न बोललेलं वाक्य मध्येच येऊन बसतं, आणि आकडा चुकला तरी वाक्य इतकं नीट दिसतं की नजर त्यावरून निसटते. तपासायला पुन्हा पूर्ण ऐकावंच लागतं, मग वेळ वाचला कुठे? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशिलाने विश्वासाने सांगितलेलं गुपित राहावं ही वकिलाची कायदेशीर जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. असं रेकॉर्डिंग कुठल्याही वेबसाइटवर चढवायला माझा ठाम विरोध आहे, आणि साहेबांनीही ते मान्य केलं. वापरायचंच असेल तर इंटरनेटशिवाय आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं घ्या.

अडचण एकच उरली आहे. अशील हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवतात, ती ओपस या वेगळ्या प्रकारची आवाजाची फाइल असते. मी ती आधी व्हीएलसी या प्लेअरमधून एमपी३ करून घेते, मग पेडलवर ऐकते. फाइलच्या नावात तारीख आणि दाव्याचा नंबर लगेच घालते, नाहीतर दुपारपर्यंत कुठली नोट कुणाची ते शोधत बसावं लागतं.

पूर्वी तासाभराच्या डिक्टेशनला अख्खा दिवस जायचा. आता साडेतीन-चार तासांत पहिली प्रत साहेबांच्या टेबलावर असते, आणि उरलेल्या वेळात मी सगळे आकडे मूळ कागदांशी जुळवून पाहते.