व्हेटो फिरवायला दोन-तृतीयांश मतं, पण कुणाच्या दोन-तृतीयांश?

संस्थेच्या नियमावलीत अध्यक्षाला व्हेटो, म्हणजे सभेने मंजूर केलेला ठराव अडवायचा अधिकार, द्यायचा ठरलं की तो फिरवायला दोन-तृतीयांश मतं लागतील यावर सगळे माना डोलावतात, गाडी अडते ती पुढे, म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश की एकूण सभासदांच्या? (रॉबर्ट्स रूल्सच्या, म्हणजे सभा कशी चालवायची याच्या प्रसिद्ध अमेरिकन नियम-पुस्तकाच्या, भरवशावर राहू नका, त्यात अध्यक्षाला व्हेटो नसतोच, तुम्ही द्याल तर तो फिरवायचा कसा हेही तुम्हीच लिहायचं.)

मी दोन्ही पद्धती वापरून बघितल्यात. एकूण सभासदांवर मोजणं कागदावर भारदस्त वाटतं आणि त्यामागचा विचार चुकीचा आहे असंही नाही, अध्यक्षाचा निर्णय मूठभर लोकांनी उलटवू नये एवढंच. पण आमची कमिटी 15 जणांची, म्हणजे 10 मतं हवीत. एकदा व्हेटो फिरवायच्या सभेला आले 11, फिरवायच्या बाजूने 9, विरोधात 2, आणि ठराव पडला! घरी बसलेले चौघं न बोलता अध्यक्षाच्या पारड्यात गेले. त्यातल्या एकाचा संध्याकाळी फोन, "झाला ना आपला ठराव?" काय सांगणार, दहावं मत त्याचंच होतं. तेव्हापासून ही पद्धत माझ्या मनातून उतरली ती उतरलीच, कारण यात व्हेटो टिकवायला कुणाला पटवावं लागत नाही, सहा जण आले नाहीत की काम झालं.

हजर राहून मत देणाऱ्यांवर मोजलं तर हे होत नाही. अमेरिकेच्या काँग्रेसमध्येही असंच आहे, कोरम (सभेला लागणारी किमान उपस्थिती) असला की हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांश पुरतात हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1919 मध्ये सांगितलंय. धोका आहेच, आमच्याकडे कोरम 8 चा, म्हणजे 6 जण मिळून व्हेटो उडवू शकतात. म्हणून विषय आधी नोटिशीत आलाच पाहिजे आणि नावं पुकारून मतं मिनिट्समध्ये लिहायची, एवढ्या दोन अटी घातल्या की माझ्या मते पुरे. तुमच्याकडे उपस्थिती कायम भरगच्च असेल तर कुठलीही चालेल म्हणा, फरक फारसा पडणार नाही.

शब्द मात्र जपून. नुसतं 'उपस्थितांच्या' लिहिलंत तर तटस्थ राहणारा पुन्हा विरोधातच मोजला जातो, 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या' असं पूर्ण लिहा. आणि सभेत प्रश्न "व्हेटो कायम ठेवायचा का?" असा टाकू नका, आमच्याकडे अर्ध्या लोकांनी उलटाच हात वर केला होता. "अध्यक्षांचा आक्षेप असला तरी ठराव मंजूर करायचा का?" असं विचारा, म्हणजे हो ला हो आणि नाही ला नाही.