जुना ट्रॅक्टर: सहा व्होल्टवरच ठेवायचा की बारावर न्यायचा?

आधी बॅटरीची झाकणं मोजा. तीन असली तर सहा व्होल्ट, सहा असली तर बारा; एका सेलमागे साधारण दोन व्होल्ट. शहापूर-मुरबाडकडच्या शेडमधले बहुतेक जुने डिझेल ट्रॅक्टर मुळातच बाराचे असतात. त्यांना हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो फोर्ड ८एनसारखं (१९४७ ते ५२) पेट्रोलवरचं सहा व्होल्टचं धूड हौसेने घेणाऱ्यांना.

सहा व्होल्टची बदनामी जरा जास्तच झालीय. तेवढ्याच वॉटसाठी त्याला बाराच्या दुप्पट अँपिअर लागतात, म्हणून मूळच्या केबल जाडजूड असतात. मधल्या काळात कुणी कारच्या पातळ केबल टाकल्या, किंवा आपल्या पावसाने अर्थच्या (बॅटरीची वायर बॉडीला लागते त्या) जोडाला गंज चढला, की सेल्फ कण्हायला लागतो. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर बारात ते चार टक्के, सहात आठ टक्क्यांच्या वर. जाड केबल, पत्रा दिसेपर्यंत घासलेला अर्थ आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला नवे कार्बन एवढं करूनच बरेच ट्रॅक्टर पुन्हा नीट उचलतात. म्हणून खर्च करण्याआधी हे करून बघाच.

बाराच्या बाजूने बोलतो तो बाजार. बाराची बॅटरी कल्याण-भिवंडीत कुठेही मिळते. सहाची मोठी बॅटरी शोधत फिरावं लागतं. एलईडी दिवे, हॉर्न यांचंही तसंच. शिवाय बारा करताना डायनॅमोच्या जागी येणारा अल्टरनेटर इंजिन हळू फिरतानाही चार्ज देतो, डायनॅमो तिथे जवळपास झोपलेला असतो.

बदलायचं काय? बल्ब आणि प्लगला ठिणगी देणारी कॉइल नक्की. जाड केबल आणि अँमीटर राहू द्या. सेल्फही चालतो, फक्त जोरात फिरतो. दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. खरी मेख वेगळीच. या ट्रॅक्टरांचा प्लस बॉडीला असतो आणि हल्लीच्या अल्टरनेटरला मायनस बॉडीला हवा. म्हणजे बॅटरीच्या प्लस-मायनस वायरी उलटायच्या, कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या. सेल्फ मात्र त्याच दिशेने फिरतो. बॅटरी चुकून उलटी लागली तर अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) तत्क्षणी जातात. आणि चावी काढल्यावरही इंजिन चालूच राहिलं, तर एक्सायटरच्या (अल्टरनेटरला जागं करणाऱ्या) वायरीतून कॉइलला उलटा करंट येतोय. त्या वायरीत डायोड किंवा छोटा दिवा घालायला सांगा.

‘आठ व्होल्टची टाका’ असंही कुणी सुचवेल. नको. बल्ब लवकर उडतात आणि सहावर लावलेला रेग्युलेटर (चार्ज आवरणारा भाग) ती बॅटरी पुरती भरतच नाही.

ट्रॉली ओढायची असेल, अंधारात काम असेल, तर सरळ बारा करा. महिन्यातून एकदा अंगणात फिरवायचा असेल तर सहाच ठेवा. बारा केलंत तरी डायनॅमो आणि कटआउट (बॅटरीचा करंट डायनॅमोत उलटा जाऊ न देणारा भाग) भंगारात घालू नका. पुढे ट्रॅक्टर विकताना हौशी गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.