‘बावटा लागलाय’ म्हणाले, आणि आम्ही मान डोलावली

बोटीच्या सहलीच्या जाहिरातीतला फोटो बघताक्षणी बाबांनी सांगितलं होतं, “ह्या पानी आपला न्हय गो. कार्तिकात आपल्याकडे इतक्या निळा पानी खय असता?” मी म्हटलं, “बाबा, हल्ली फोटोला फिल्टर लावतात.” विषय तिथेच संपला. तेव्हा त्यांचं ऐकलं असतं तर ९६,००० रुपये वाचले असते.

बाबा ७९ वर्षांचे. गाव विजयदुर्गाच्या खाडीकाठी, हयात डोंबिवलीत गेली. त्यांच्या तरुणपणी चाकरमानी गावी जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून, आगबोटीने. डेकवर सतरंजी, उशाला ट्रंक, शेजारी कुणीतरी बोट लागून आडवं झालेलं. बंदरात पाणी कमी असेल तिथे आगबोट बाहेरच उभी राहायची आणि माणसं, पेट्या, कोंबड्या सगळं पडावात उतरवायचे. पुढे बोटी बंद झाल्या, एसटी वाढली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. तरी “एकदा बोटीन गावाक जावचा हा” हे वाक्य आमच्या घरात दर दिवाळीला फराळाबरोबर येतंच. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली तेव्हा आम्ही “पुढच्या वर्षी नक्की” म्हणालो. मग करोना आला आणि ती बंद पडली. मनात ती टोचणी होतीच. त्यामुळे गेल्या दिवाळीआधी मोबाइलवर ‘मुंबई ते मालवण, चार दिवस, तीन रात्री, आगबोटीच्या आठवणी पुन्हा जगा’ अशी जाहिरात आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला घेतली आणि फोन लावला.

फोनवरचा माणूस अतिशय गोड. घाई नाही, आग्रह नाही. मुरुड-जंजिरा, हर्णै, गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, सगळं तोंडपाठ. ‘मतलई वारे’, ‘खारे वारे’ असे शब्द वापरायचा. बाबांशी पाच मिनिटं बोलला आणि त्यांना ‘काका’ म्हणून पार खिशात घातलं. मला वाटतं फसवणाऱ्याला विषयातलं काही कळत नसतं हा आपला मोठा गैरसमज आहे. याला कोकण चांगलं माहीत होतं.

माणशी २८,५००. मी, नवरा, बाबा आणि आत्या, असे एकूण १,१४,०००. आधी ४०,००० आगाऊ. निघायच्या दहा दिवस आधी ५०,०००. मग ‘बंदर परवानगी आणि विमा’ म्हणून माणशी १,५००, म्हणजे ६,०००. उरलेले २४,००० बोटीवर चढल्यावर. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा कंपनीचं नाव न येता कुणा बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, “मॅडम, कंपनीच्या खात्याचं केवायसी चालू आहे, हे आमच्या अकाउंटंटचं.” नवऱ्याने भुवया उंचावल्या, आणि मी पैसे पाठवले.

निघायचं होतं देवदिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी सहाला, भाऊच्या धक्क्यावरून. आदल्या रात्री साडेदहाला मेसेज. समुद्र खवळलाय, तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरावरचा धोक्याचा इशारा, लागलाय, मुंबईतून सोडत नाहीत. काळजी नसावी, बोट आधीच हर्णैला नेऊन ठेवली आहे, पहाटे गाडी येईल, हर्णैहून बसा.

ही थाप बेमालूम का होती ते सांगते. पावसाळ्यानंतर समुद्र निवळतो हे खरं, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रात वादळं होण्याचाही काळ. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ कोकणात कुणी विसरलेलं नाही. आमच्या गावचे लोक अजून त्या दिवसाच्या गोष्टी सांगतात. त्यामुळे ‘बावटा’ हा शब्द ऐकला की आमच्यासारखी माणसं हात जोडून मागे सरतात. जिवापेक्षा सहल मोठी नाही, असं मीच बाबांना ऐकवलं. ते अंथरुणावर बसून पिशवीची चेन लावत होते. एवढंच म्हणाले, “बावटो लागलो, मगे बोट हर्णैक कशी गेली?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी त्यांना झोपायला सांगितलं.

आता माहीत झालंय की हे घरबसल्या तपासता येतं. हवामान खातं मच्छीमारांसाठी रोज इशारे काढतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यानुसार लाटांच्या उंचीचा अंदाज देते. दोन्ही फुकट. पण रात्री अकराला, बॅगा भरलेल्या असताना, माणूस तपासत नाही. बरोबरच्यांची समजूत काढत बसतो.

माणगाव, मंडणगड, दापोली असं करत दुपारी हर्णै. समुद्र कसा होता? परातीत पाणी ओतून ठेवल्यासारखा. सुवर्णदुर्ग समोर, उन्हात बसलेला. संध्याकाळी आम्ही लिलाव बघायला खाली गेलो. बोटी येत होत्या, बर्फातली सुरमई पाट्यांमधून उतरत होती, एक बाई बांगड्याच्या पाटीवर पाय रोवून भाव पुकारत होती आणि कुणी कमी बोललं की त्याच्याकडे बघायचंच सोडून देत होती. बाबा एका जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्या खलाशाशेजारी जाऊन बसले. दोघांची जुळली. मी विचारलं, “दादा, बावटा कधी उतरला?” त्यांनी सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. “बावटा कसला, ताई? चार दिवस बोटी येतायत-जातायत. बावटा असता तर ह्या सगळ्या आत आल्या असत्या, गुजरातच्यासुद्धा. खाडीत पाय ठेवायला जागा नसती.”

खरं तर तिथूनच परतायला हवं होतं. पण आम्ही राहिलो, कारण घरगुती राहण्याच्या ठिकाणी जेवण चांगलं होतं आणि पॅकेजवाल्यांचा एक पोरगा हजर झाला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. म्हणाला, मोठी बोट जयगडला डिझेल भरतेय, सकाळी सुवर्णदुर्ग दाखवतो, तोवर ती येईल.

सकाळी आली ती फायबरची छोटी होडी, डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेतात तसली. नारिंगी जॅकेटं दिली. आत्याच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळीची गाठ. किल्ल्याला फेरी मारली, डॉल्फिनच्या दोन पाठी दिसल्या. पोरगा सतत व्हिडिओ काढत होता. आत्याच्या तोंडासमोर मोबाइल धरून म्हणाला, “आजी, कसं वाटतंय?” आत्या हसून म्हणाली, “छान!” कुणीही तेच म्हटलं असतं. वारा होता, ऊन कोवळं होतं.

किनाऱ्याला लागल्यावर पोरग्याने उरलेले २४,००० मागितले. ते भरले की जयगडची बोट निघेल म्हणे. नवऱ्याने तीन गोष्टी विचारल्या: बोटीचं नाव काय, नोंदणी क्रमांक काय, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, कोण. पोरग्याने फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. अर्ध्या तासाने पुन्हा मीटिंगमध्ये. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत पोरगाही मीटिंगला गेला असावा, कारण तो परत दिसला नाही. होडीवाल्याला दोन तासांच्या फेरीचं भाडं मिळालं होतं, त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. गाडीवाल्याचे निम्मे पैसे बुडाले. ज्या काकूंकडे राहिलो त्यांना एक पैसा आलेला नव्हता. ते ५,२०० आम्ही दिले. त्या घ्यायलाच तयार नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

घरी परतायला बाबा तयार होईनात. मग दुसरी गाडी करून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे. गाडीसकट पलीकडे जायला पाव तासही लागत नाही. बाबा कठड्याला धरून उभे होते, आणि तिथे त्यांनी मला जे सांगितलं ते पॅकेजवाल्यांनी पाठवलेलं माहितीपत्रक बघतानाच लक्षात यायला हवं होतं. पत्रकात १५, २२ आणि २९ नोव्हेंबर अशा तीन तारखा होत्या आणि तिन्हींना वेळापत्रक एकच: अमुक खाडीत सकाळी नऊला आत, तमुक खाडीतून चारला बाहेर. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आठवड्यात ती सहा तासांच्या आसपास हलते, म्हणजे २२ ला ज्या वेळी भरती, त्याच वेळी २९ ला ओहोटी. खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी असते, मोठी बोट पाणी बघूनच आत घ्यावी लागते. “घड्याळ बघून खाडीत शिरणारो तांडेल मी तरी बघूक नाय,” बाबा म्हणाले. मी विचारलं, आधी का नाही बोललात? “तू फिल्टर म्हणालंस.”

घरी आल्यावर भाचीने फोटो शोधून काढला. बोट तुर्कस्तानातली, मागे लाल निशाण, जाहिरातीत ते कापलेलं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मोजला. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. आमचा २४ ने सुरू होत होता आणि अक्षरं चौदाच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन आठवडे उलटले होते. फोन जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त, हे तिथल्या बाईंनी नीट समजावलं. कुणी किनाऱ्याकिनाऱ्याने बोटीची सहल विकत असेल तर नवऱ्याचे ते तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा, आणि मेरीटाइम बोर्डाचा प्रवासी वाहतुकीचा परवाना बघायला मागा. त्यावर किती माणसं नेता येतात तेही असतं. मासेमारीच्या बोटीवरून नेतो म्हणाला तर तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात मात्र वेगळाच पेच. “तुम्ही गेलात, राहिलात, होडीत बसलात. मग फसवणूक कशी? सेवा कमी दिली म्हणा.” वकिलांच्या नोटिशीला पॅकेजवाल्यांचं उत्तर आलं तेव्हा त्या होडीच्या फेरीचा अर्थ लागला. ती सहल नव्हतीच, तो पुरावा होता. उत्तरासोबत व्हिडिओ जोडला होता: आम्ही चौघं नारिंगी जॅकेटात, मागे सुवर्णदुर्ग, आणि आत्या म्हणतेय, “छान!” खाली ओळ, ‘हवामानामुळे मार्गात बदल, प्रवासी समाधानी.’

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. बावट्याच्या खोटेपणासाठी त्या दिवसांचे हवामान खात्याचे इशारे काढून जोडलेत. हर्णैच्या काकू लिहून द्यायला तयार आहेत. पुढची तारीख मिळाली आहे.

आत्याने तो व्हिडिओ एकदाच पाहिला. परवा चुलतभावाच्या लग्नात व्हिडिओवाला जेवणाच्या पंगतीत फिरत होता. तिच्यासमोर कॅमेरा धरून म्हणाला, “आजी, कसं झालंय जेवण?” आत्याने तोंडावर पदर घेतला आणि हाताने त्याला पुढे जायची खूण केली.