हिवाळ्यातील दोन दिवस: माथेरान की महाबळेश्वर?

डिसेंबर-जानेवारीतील शनिवार-रविवार थंड हवेच्या ठिकाणी घालवायचा ठरला की मुंबई-पुण्याकडील कुटुंबांमध्ये बहुधा हीच दोन नावे पुढे येतात. माझ्या मते येथे प्रेक्षणीय स्थळांची यादी फारशी उपयोगाची नाही. दोन दिवसांतील किती तास गाडीत जाणार आणि सोबत कोण असणार, यावरच निवड करावी.

मुंबईकरांसाठी माथेरानचा मोठा गुण म्हणजे जवळीक. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरून टॅक्सीने माथेरानच्या वेशीवरील दस्तुरी नाक्यापर्यंत गेले, की सकाळी घर सोडलेला माणूस दुपारच्या जेवणाला माथेरानच्या बाजारपेठेत असतो. महाबळेश्वर मुंबईपासून सुमारे २६० किलोमीटर आहे आणि जाण्यायेण्यात एकंदर बारा तास सहज जातात. पुण्याहून मात्र ते जेमतेम १२० किलोमीटर असल्याने पुणेकरांचे गणित उलटे होते. फक्त रविवारी दुपारी परतताना पसरणीच्या घाटात होणारी गाड्यांची गर्दी त्यांनी हिशेबात धरावी.

थंडी हाच हेतू असेल तर महाबळेश्वरला पर्याय नाही. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर, तर महाबळेश्वरची साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि हा फरक पहाटे अंगाला जाणवतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड थंड हवा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात साचते; जमिनीलगतचे तापमान गावातील तापमानापेक्षा बरेच खाली जाते आणि एखाद्या पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर दव गोठून हिमकणांचा पांढरा थर दिसतो. तो दरवर्षी ठरावीक दिवशी दिसेलच असे नाही, आणि ऊन वर येताच तो विरतो, म्हणून सूर्योदयाआधीच तेथे पोहोचावे. स्ट्रॉबेरीचा हंगामही याच दिवसांत असतो. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांना प्रतापगड आणि क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर एका दिवसात पाहता येते. मात्र लिंगमळ्याचा धबधबा तोवर रोडावलेला असतो.

माथेरानचे सुख वेगळे आहे. येथे खासगी वाहनांना दस्तुरीपुढे प्रवेश नाही, त्यामुळे हॉर्न नाही, पार्किंगचा शोध नाही, आणि मुले लाल मातीच्या रस्त्यावर निर्धास्त धावू शकतात. गर्द झाडीतून शार्लोट तलावाकडे किंवा पॅनोरमा पॉइंटकडे चालत जाणे हाच येथील मुख्य कार्यक्रम होय, आणि हिवाळ्यात तो घाम न येता पार पडतो. १९०७ साली सुरू झालेली मिनी ट्रेन नेरळहून वर येण्यास अडीच तासांहून अधिक वेळ घेते. प्रवासाचीच हौस असेल तर ती जरूर पकडावी, वेळ कमी असेल तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासूनची शटल गाडी पुरेशी आहे.

याच वाहनबंदीचा जाच मात्र गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना होतो. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर आहे. शटलमध्ये जागा मिळाली नाही तर घोडा, मर्यादित संख्येतील ई-रिक्षा किंवा पायपीट एवढेच मार्ग उरतात, आणि हॉटेल बाजारापासून दूर असेल तर सामानासाठी हमालही लागतो. घोडा घेताना दर आधी ठरवावा. वृद्ध सोबत असतील तर मी मुंबईकरांनाही लांबचा प्रवास पत्करून महाबळेश्वरच सुचवीन, कारण तेथे बहुतेक पॉइंटांच्या जवळपर्यंत गाडी जाते.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा दोन्हीकडे टाळावा. जानेवारीचा मधला एखादा शनिवार-रविवार निवडल्यास खोल्यांचे दर उतरलेले असतात, थंडी टिकून असते आणि स्ट्रॉबेरीही भरपूर मिळते.