सावंतवाडी ते म्हापसा पट्ट्यातले पेट्रोल पंप: रेट, माप आणि सर्व्हिस

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडे कुणी नवीन गाडी घेतली की पेढा खाता खाताच सल्ला मिळतो, पेट्रोल गोव्यातच भर रे. सल्ला चुकीचा नाही पण अर्धा आहे. मी कामानिमित्त सतत या रोडवर असतो, कधी स्कूटरने कधी कारने, त्यामुळे हायवेवरचे आणि गावातले बरेचसे पंप वापरून झालेत. कुठल्याच पंपाचं नाव घेणार नाही, कारण मॅनेजर बदलला की पंपाची चाल बदलते, आज चांगला वाटलेला पंप पुढच्या वर्षी तसाच असेल याची खात्री नाही. काय काय बघायचं ते मात्र सविस्तर सांगतो.

आधी रेट, कारण सगळे तेच विचारतात. 2025 मधला हिशोब धरला तर सिंधुदुर्गात पेट्रोल साधारण 105 च्या आसपास आणि पत्रादेवीची सीमा ओलांडली की गोव्यात 96-97, म्हणजे लिटरमागे आठ-नऊ रुपयांचा फरक. डिझेलमध्ये तेवढा नाही, चारेक रुपये. हा फरक पंपवाल्याने केलेला नाही, तो सगळा राज्याच्या टॅक्सचा आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के आणि त्यावर लिटरला 5 रुपये 12 पैसे वेगळे. गोव्यात टक्केवारी कमी आणि हा वरचा बोजा नाही. तेरेखोल नदी दोन्हीकडून वाहते, कंपन्या त्याच, टँकर तसेच, फक्त कमानीच्या अलीकडे का पलीकडे एवढ्यावर शंभर रुपयाच्या नोटेत येणारं पेट्रोल बदलतं.

जुन्या लोकांना 2012 चा एप्रिल आठवत असेल. मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, 0.1 टक्क्यावर आणला, आणि गोव्यात पेट्रोल एकदम 11 रुपयांच्या आसपास स्वस्त झालं. पुढे तो व्हॅट टप्प्याटप्प्याने परत वाढला, जून 2024 मध्ये सुद्धा लिटरला रुपयाभर वाढलं, पण सीमा ओलांडून टाकी भरायची आपल्याकडची सवय काही गेली नाही.

आता खरा प्रश्न, फक्त पेट्रोलसाठी तिकडे जावं का? कागदावर मांडून बघा. स्कूटरची टाकी पाच लिटरची धरली तर वाचतात चाळीस-पंचेचाळीस रुपये. सावंतवाडीहून पत्रादेवी जाऊन येऊन पस्तीसेक किलोमीटर, स्कूटरने 45 चं ॲव्हरेज दिलं तरी पाऊण लिटरच्या वर पेट्रोल त्यातच गेलं, म्हणजे पंचाहत्तर रुपये. सरळ तोटा. बांद्यात राहणाऱ्याचं गणित वेगळं, तिथून जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर, पंचवीस रुपयाचं पेट्रोल जाळून वीसेक रुपये हातात राहतात. कारची 35 लिटरची टाकी पूर्ण रिकामी असेल तर तीनशे रुपये वाचतात आणि सावंतवाडीहून जाण्या-येण्यात दोनशेच्या वर जातात, म्हणजे तासाभराच्या धावपळीचे शंभर रुपये. कुडाळहून कोणी खास त्यासाठी जात असेल तर कृपा करून जाऊ नका. पण आपल्याकडची कितीतरी पोरं रोज नोकरीला गोव्यात जातात, कोणी बांबोळीला पेशंट घेऊन जातं, कोणी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला, त्यांनी येताना जरूर भरावं, त्यांची फेरी तशीही होणारच असते. आणि प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून आणणं बंद करा, डिकीत घासून कॅन फुटला तर काय होईल याचा विचार करा, पन्नास रुपयासाठी घरच्यांचा जीव धोक्यात घालायचा का.

रेट बदलण्याबद्दल लोकांचा पंपवाल्यावर फार राग असतो, मला तो पटत नाही. पेट्रोलचे दर सरकारने 2010 च्या जूनमध्ये आणि डिझेलचे 2014 च्या ऑक्टोबरमध्ये सोडून दिले, आणि 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी नवीन रेट लागायला सुरुवात झाली. हे सगळं कंपनीकडून येतं, पंपवाल्याच्या हातात काही नसतं. कागदावर रोज बदलायची सोय आहे पण होतं काय, निवडणुकीच्या आसपास महिनोन्महिने काटा हलत नाही आणि मग एकदम सुटतो. नोव्हेंबर 2021 पासून चार-साडेचार महिने रेट हलले नाहीत, मग 22 मार्च 2022 ला सुरू झाले आणि सोळा दिवसात चौदा वेळा वाढून लिटरमागे दहा रुपये चढले, बहुतेक रोज 80 पैसे. मुंबईत पेट्रोल 120 च्या वर गेलं ते तेव्हाच. त्यानंतर खाली आलं ते मुख्यतः टॅक्स कमी केल्यामुळे, मे 2022 ला केंद्राने आठ रुपये आणि जुलैमध्ये राज्याने पाच रुपये कमी केले. कंपन्यांनी स्वतःहून कमी केले ते मार्च 2024 मध्ये, दोन रुपये, लोकसभेच्या तोंडावर. एप्रिल 2025 मध्ये कच्चं तेल चांगलंच उतरलं होतं तेव्हा आपल्याला काय मिळालं? एक्साइज, म्हणजे केंद्राचा टॅक्स, दोन रुपयांनी वाढली, पंपावरचा रेट तसाच. वाढताना लगेच आणि उतरताना कधीच नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती पंपावर उन्हात उभ्या असलेल्या मुलाशी नाही.

उलट पंपवाल्याची बाजू पण समजून घ्या. तो माल आगाऊ पैसे भरून घेतो. 2021 च्या दिवाळीत एक्साइज एका रात्रीत कमी झाली, पेट्रोलला पाच आणि डिझेलला दहा रुपये, आपल्याला आनंद झाला पण ज्याच्या टाक्या भरलेल्या होत्या त्याचं एका रात्रीत केवढं नुकसान झालं असेल बघा. त्याला मिळतं लिटरवर ठरलेलं कमिशन, ते 2017 नंतर थेट ऑक्टोबर 2024 ला वाढलं. आपल्या बाजूच्या सीमेवरच्या पंपांना दुहेरी मार, गाड्या समोरून जातात आणि पुढे जाऊन भरतात. त्या पंपांवर गावातलीच मुलं-मुली कामाला आहेत. कोल्हापूरवाल्यांचं निपाणीशी तेच व्हायचं, कर्नाटकाने जून 2024 मध्ये टॅक्स वाढवून तीन रुपये चढवले तेव्हा तो फरक बराच कमी झाला. आणि तालुक्याला नावं ठेवण्याआधी परभणीवाल्यांना विचारा, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तिथे टँकर यायचा म्हणजे भाडं किती पडतं, राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हटलं की परभणीचं नाव कायम पुढे असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की एकाच तालुक्यातले पंप रेटवरून निवडू नका. सरकारी तीन कंपन्यांच्या रेटमध्ये पैशांचाच फरक असतो. खाजगी कंपन्यांचा कधी कमी कधी जास्त असतो, 2023 मध्ये नायरा आणि जिओ-बीपी एक रुपया कमीने विकत होते, पण बोर्ड वाचूनच थांबा. बोर्ड लावलेला नसेल किंवा दिसत नसेल तर तिथे मी एक स्टार लगेच कापतो. इंडियन ऑइलच्या पंपाचा आजचा रेट मेसेजवर पण कळतो, आरएसपी लिहून स्पेस देऊन डीलर कोड टाकायचा आणि 9224992249 ला पाठवायचा, कोड पंपावर लिहिलेला असतो.

खरी निवड करायची ती मापावर. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिली इकडे तिकडे चालतं, त्याच्या वर कमी असेल तर गडबड. पाच लिटरमागे शंभर मिली कमी मिळालं तर 96 रुपये 50 पैशांचं पेट्रोल तुम्हाला साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतं, म्हणजे गोव्याच्या स्वस्ताईतले दोन रुपये गेले, आणि आपल्या बाजूला असं झालं तर 105 चं 107 होतं. हे उगाच घाबरवत नाही, 2017 साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पंपांवर धाडी टाकल्या तेव्हा मशीनमध्ये चिप बसवून माप मारायचे प्रकार उघड झाले होते. 110 किंवा 210 रुपयांचं भरलं की फसवणूक होत नाही असं जे सांगतात त्यात काही अर्थ नाही, मशीन मोजतं ते लिटरच, रक्कम कुठली पण टाका. शंका असेल तर लिटरमध्ये मागा आणि माप मागा.

मी या रोडवर माप मागितलंय आणि दोन्ही अनुभव आलेत. एका पंपावर उत्तर मिळालं की माप ऑफिसात लॉक आहे, चावी मालकाकडे, मालक बाहेर. मी शांतपणे तक्रार वही मागितली तर ती पण नाही. तिथे मी परत गेलेलो नाही आणि 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद केली. दुसऱ्या एका पंपावर काम करणारी ताई माप मागायच्या आधीच म्हणते, "दादा, झिरो बघा हां," नोझल उचलायच्या आधी थांबते, तुम्ही मान हलवली की मगच सुरू करते. माप मागितलं तेव्हा तिने ते पुसून सपाट जागेवर ठेवलं, भरून दाखवलं, रेषेला बरोबर आलं. पाठीमागे गाड्यांची रांग होती, एक टुरिस्टवाला हॉर्न मारत होता, तरी तिने घाई केली नाही. त्या पंपाला माझे पूर्ण पाच स्टार, आणि तो महाराष्ट्राच्या बाजूला आहे. मी गोव्यातून परत येताना टाकी अर्धीच भरतो आणि बाकीचं बऱ्याचदा तिच्याकडे भरतो, आठ-नऊ रुपये जास्त देऊन सुद्धा, कारण तिथे भरलेलं पेट्रोल किती आणि कसं याची मला काळजी नसते.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट सांभाळा, ही कोकणातल्या लोकांनी तर नक्कीच. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. जमिनीखालच्या टाकीत पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि ते गाडीत आलं की गाडी रस्त्यात बंद. बांद्याच्या बाजारात तेरेखोलचं पाणी शिरतं हे आपल्याला नवीन नाही, तेव्हा ज्या पंपाच्या आवारात पाणी तुंबतं, टाकीच्या झाकणांवर डबकी दिसतात, तिथे मोठ्या पावसानंतर भरू नका, निदान आज टाकीत पाणी चेक केलं का एवढं विचारा. डिपरॉडला, म्हणजे टाकीत घालून बघायच्या मोजकाठीला, पेस्ट लावून ते बघता येतं, चांगला पंपवाला विचारल्यावर चिडत नाही. टँकर खाली होत असेल तेव्हा पण मी थांबत नाही, तळातला गाळ हललेला असतो. पेट्रोलची डेन्सिटी त्या दिवसाची लिहून ठेवतात, ती विचारा, आणि फिल्टर पेपर मागून दोन थेंब टाकून बघा, डाग राहिला तर प्रश्न विचारा, हे सगळं फुकट आहे आणि तुमचा हक्क आहे.

इथेनॉलवरून ॲव्हरेजचं पण बोलायला हवं. नीती आयोगाच्याच रिपोर्टमध्ये आहे की जुन्या, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या कारचं ॲव्हरेज 6-7 टक्के आणि दुचाकीचं 3-4 टक्के कमी होऊ शकतं. माझी स्कूटर जुनी आहे, मला फरक जाणवतो. रेट तोच, त्यात गाडी कमी पळणार, म्हणजे ही पण एक दरवाढच झाली की, फक्त बोर्डावर दिसत नाही. ॲव्हरेज कमी होतं तर लिटरचा रेट तेवढा उतरवा, एवढी साधी मागणी आहे आणि ती कोणीतरी मोठ्याने करायला पाहिजे.

बाकी सर्व्हिस. हवा फुकट मिळायला पाहिजे आणि या पट्ट्यात निम्म्या पंपांवर हवेचं मशीन नुसतं उभं असतं, माणूस जागेवर नाही किंवा पाइप तुटलेला. बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट, हा हायवे आहे, मुंबईहून रात्रभर प्रवास करून लोक येतात, कुलूप लावून चावी काउंटरला ठेवायची आणि मागितल्यावर नाक मुरडायचं हे बंद झालं पाहिजे. नवीन चौपदरी रोडवरच्या मोठ्या पंपांवर टॉयलेट आणि पाणी बरं आहे, गावातल्या छोट्या पंपांवर माणसं बरी आहेत. यूपीआय सगळीकडे चालतं पण पावसात रेंज गेली की पंचाईत, खिशात पाचशेची नोट ठेवा.

एकूण पट्ट्याला मी साडेतीन स्टार देतो. गोव्याच्या बाजूला रेटसाठी चांगले मार्क पण गर्दीच्या वेळी, विशेषतः शनिवार-रविवार टुरिस्ट गाड्या असताना, घाईत झिरो न दाखवता सुरू करतात, तेव्हा गाडीतून उतरून मशीनसमोर उभे राहा. आपल्या बाजूला रेट जास्त पण गर्दी कमी, मोजून मागता येतं. दोडामार्गवाल्यांनी दिचोलीकडच्या पंपांचा अनुभव खाली लिहा, त्या बाजूला माझं जाणं कमी आहे, आणि कोणी या पावसाळ्यात पाच लिटरचं माप मागून बघितलं असेल तर किती भरलं ते पण सांगा.